साथीच्या दिवसांतील घर

काशीस मणिकर्णिकेवरून गंगेच्या काठाने उत्तरेकडे निघाले, की प्रथम शिंद्यांचा घाट लागतो. त्याला लागून संकठा घाट, आणि थोडे पुढे गेल्यावर नागपूरकर भोसल्यांचा घाट. दोन मराठी घराण्यांच्या दगडी पायऱ्यांमध्ये वसलेल्या या घाटावर संकठा देवीचे देऊळ आहे. देवीच्या नावातच तिचे कार्य सांगितले आहे. संकट निवारावे, हे तिच्याकडे मागणे. येथून पंचगंगा, दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट जवळच. त्या भागात मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. त्या घरांतील आयाबायांनी या देवीपुढे आपल्या लेकराबाळांचे क्षेम किती वेळा मागितले असेल, याची गणती कोण करणार?

जुन्या काळी काशीयात्रेस निघणारा मनुष्य घरादाराची निरवानिरव करून निघे. वाट लांबची आणि चोराचिलटांची, हे एक कारण होते. पटकीची साथ हे दुसरे. दूषित पाण्यातून पसरणारा हा रोग यात्रेच्या गर्दीत झपाट्याने पसरे. संकट देवीस सांगता येते. ते निभवावे लागते ते मात्र घरात, चुलीजवळ आणि पाळण्याजवळ. साथींचा इतिहास लिहिताना आपण मृतांचे आकडे मोजतो, कायदे सांगतो, लशींचे शोध सांगतो. साथ आली तेव्हा घरात काय झाले, मुलांचे काय झाले, हा प्रश्न त्यात मागे पडतो. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने ग्रंथिक ज्वर, म्हणजे प्लेग, ओळखला. पुढील काही महिन्यांत तो पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात रँड यांच्या नेतृत्वाखालील समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. रोगी दिसला, की त्याची रवानगी इस्पितळात. घरातील बाकीच्यांची रवानगी छावणीत. रोग्यास वेगळे ठेवणे शास्त्राला धरून होते. परंतु ते करताना आईपासून मूल आणि मुलापासून आई वेगळी होते, त्यांना एकमेकांची खबर कोण देणार, याचा विचार झाला नाही. सोजीर माजघरात आणि देवघरात शिरले. तेव्हा घर हे रोगाच्या भीतीइतकेच सरकारच्या भीतीने ग्रासले. लोक आजारी माणसे लपवू लागले. जो उपाय रोग उघड करण्यासाठी योजला होता, त्यानेच रोग झाकला गेला.

पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या सरकारी इस्पितळात स्त्रियांच्या व मुलींच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, अशी जाहीर तक्रार केली. त्या वर्षीच्या २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ती कथा सर्वश्रुत आहे. पुढल्या वर्षी, मार्च १८९८ मध्ये, मुंबईत विणकरांच्या वस्तीत दंगल उसळली. तिचे निमित्त होते एका आजारी मुलीच्या तपासणीचे. हळूहळू सरकारलाही उमगले, की घरच्यांचा विश्वास गमावून कोणतीही साथ आवरता येत नाही. नंतरच्या वर्षांत सक्ती सैल झाली आणि लोकांच्या संमतीला महत्त्व आले.

याच काळात दुसऱ्या बाजूने काय घडत होते, तेही पाहिले पाहिजे. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. मूलही दवाखान्यातच न्यायचे होते. सोजीरही रोग्याला तिकडेच नेत असत. फरक इतकाच, की एकीकडे मुलाला बंदुकीवाल्याने ओढून नेले आणि दुसरीकडे आजीच्या वयाच्या बाईने पाठीशी घेतले. मुलाच्या मनाला हा फरक लहान नसतो.

लोकमान्य टिळक साथीत पुणे सोडून गेले नाहीत. हिंदू लोकांसाठी प्लेगचे स्वतंत्र इस्पितळ उभारण्याच्या कामी ते पुढे होते. आपले रीतिरिवाज सांभाळले जातील आणि घरचे माणूस जवळ फिरकू शकेल, असा भरवसा वाटला, की लोक रोग्यास इस्पितळात आणण्यास राजी होत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापलेल्या अनाथ बालिकाश्रमास प्लेगमुळे शहरात राहणे अवघड झाले, तेव्हा १९०० मध्ये तो हिंगण्यास हलविला. माळावर एक झोपडी. तेथे आश्रमातील मुलींचे राहणे, जेवणखाण आणि शिक्षण चालू राहिले. अण्णासाहेब फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून, लागणारे सामानसुमान घेऊन, चिखल तुडवीत पायी तेथे जात. जागा बदलली, छप्पर बदलले, परंतु रोजचा पाठ मोडला नाही. त्या झोपडीतून पुढे केवढी संस्था उभी राहिली, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे.

आता एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावी. प्लेगच्या काळी आपल्या खेड्यांतील शहाणपण असे होते, की ‘उंदीर पडू लागले’ की घर सोडावे. गावेच्या गावे ओस पडत आणि माणसे रानात, माळावर झोपड्या घालून राहत. पोल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरांवरील पिसवांतून हा रोग पसरतो, हे दाखवून दिले. त्यामुळे खेडुतांचा हा उपाय किती योग्य होता, तेही स्पष्ट झाले. रोग घरात राहत होता. म्हणून घर सोडणे हेच रक्षण. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, २५ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या साथीत देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा उपदेश नेमका उलट होता. रोग माणसांच्या श्वासातून, गर्दीतून पसरत होता. म्हणून घरात राहणे हेच रक्षण.

उपाय असे टोकाचे भिन्न. परंतु मुलांच्या गरजा दोन्ही वेळा एकच होत्या. ओळखीचे एक माणूस जवळ असावे. काय चालले आहे ते आपल्याला कळेल अशा शब्दांत कोणी खरे सांगावे. आणि दिवसाला काही आकार असावा: उठण्याची वेळ, अभ्यासाची वेळ, खेळाची वेळ, गोष्टीची वेळ. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२० मध्ये पालकांना ज्या सूचना दिल्या, त्यांचेही सार हेच होते: प्रत्येक मुलासाठी रोज थोडा वेळ राखून ठेवा, दिनक्रम बांधा, प्रश्न टाळू नका, स्वतःचा राग आवरा. आपल्या घरांतील आज्यांना या सूचना नव्या वाटल्या नसत्या.

तथापि सारा भार घरावर टाकून मोकळे होणे हा अन्याय ठरेल. टाळेबंदीत काशीची गंगाआरती गर्दीविना, केवळ प्रतीकरूपाने होऊ लागली. यात्रेकरू आले नाहीत, तेव्हा नावाड्याची नाव खुंट्याला बांधलेली राहिली आणि फुलवाल्याची टोपली रिकामी राहिली. ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीची चिंता आहे, तेथील बापाला ‘मुलांशी शांतपणे बोला’ असे सांगणे सोपे, पण अपुरे. त्याच महिन्यांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसेच्या तक्रारी वाढल्या. बंद दार प्रत्येक मुलासाठी अभय नसते. काहींसाठी संकट त्या दाराच्या आतच असते.

शाळा बंद पडल्या, आणि फोनवरून शिक्षण सुरू झाले. ज्या घरी असा फोन नव्हता, तेथील मूल मागे राहिले. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठी मालिका सुरू झाली. घरातील आणि परिसरातील वस्तूंतून करता येण्यासारखे पाठ त्यात होते. हिंगण्याच्या झोपडीचे आणि या मालिकेचे नाते मला जवळचे वाटते. दोहोंनी एकच जाणले, की आपत्तीत मुलाला रोजचे काम हवे असते.

सर्वांत कठीण प्रश्न पोरक्या झालेल्या मुलांचा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने विशेषेकरून वीस ते चाळीस वर्षांची माणसे नेली, म्हणजे नेमके आईबाप. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या घटली. शिरगणतीच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही. त्या पोरक्या मुलांचा सांभाळ काके-मामे, आज्या आणि शेजारी यांनी केला असेल. त्याची नोंद कोठल्याही दप्तरात नाही. कोरोनाच्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने जून २०२१ मध्ये घेतला. ही शासनाच्या समजुतीतील मोठी प्रगती आहे. पैसा मात्र रात्री दचकून उठलेल्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवीत नाही. तो हात माणसाचाच लागतो.

श्रोतेहो, पुढली साथ कोणत्या वाटेने येईल, ती आपल्याला घरात कोंडील की घराबाहेर काढील, हे आज सांगता येणार नाही. पण तेव्हा मुलाजवळ कोण असेल, त्याला खरे कोण सांगेल, आणि त्या सांगणाऱ्याच्या घरी चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी कोण घेईल, हे प्रश्न आपल्याला आजच ठाऊक आहेत. त्यांची उत्तरे शेजाऱ्याने, शाळेने आणि शासनाने मिळून साथ येण्यापूर्वीच ठरवून ठेवावी लागतील.