न बुडवलेला राजा

वीकांताला खांडबाऱ्याला मामाकडे गेलो होतो. सुरत-भुसावळ लाइनवरचं छोटं स्टेशन, नवापूर तालुका. मामा रेल्वेत होता, भुसावळला असताना ब्रिज शिकला. रिटायर झाल्यावर गावात त्याने आणखी दोन गडी तयार केलेत. चौथा मी, सुट्टीपुरता. मेंढीकोटावर वाढलेल्यांनी ब्रिजच्या वाटेला जाऊ नये असं मामाचं मत आहे. परवा मी ते सिद्ध केलं :)

समोरच्यांची बोली तीन नो ट्रंप. म्हणजे हुकूम नाही आणि नऊ हात करायचे. मामाने बदामची दुर्री टाकली. डमी उघडली: इस्पिक एक्का-सत्ती, चौकट राजा-राणी-गुलाम-दश्शी-अठ्ठी, बाकी बदाम आणि किलवरची तीन-तीन फुटकळ पानं. माझ्याकडे बदाम एक्का-दश्शी, चौकट एक्का धरून चार, इस्पिक राजा धरून पाच, किलवर दोन. पहिला हात बदामच्या एक्क्याने मी घेतला. आता काय टाकायचं?

मी शहाण्यासारखी बदामची दश्शी टाकली. पार्टनरचा रंग परत करावा, हेच शिकवतात ना! खेळणाऱ्याने राजाने हात घेतला, चौकट खेळून माझा एक्का काढला, इस्पिकच्या एक्क्यावरून डमीत शिरला आणि उरलेल्या चौकटी वसूल केल्या. गेम झाला.

"अरे, इस्पिकचा राजा टाकायचा!" मामा म्हणाला. राजा? समोर एक्का दिसत असताना? मला वाटलं चेष्टा करतोय.

रात्री चारही हात कागदावर मांडले. डमीत शिरायला इस्पिकचा एक्का ही एकच वाट होती (आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर). चौकटी मोकळ्या व्हायच्या आत त्या एक्क्याने राजा मारला की वाट बुजली. मग चौकटची पहिली फेरी मी सोडायची, दुसरी एक्क्याने घ्यायची. खेळणाऱ्याकडे चौकट दोनच, त्यामुळे डमीतली तीन खणखणीत पानं तिथेच मेली. त्याने राजा सोडून दिला तर पुन्हा इस्पिक. छोटं इस्पिक मात्र चालत नाही, कारण राणी-गुलाम त्याच्याकडे. तो हातातच जिंकतो आणि एक्का शाबूत. मोजून पाहिलं: राजा टाकल्यावर त्याचे इस्पिक तीन, बदाम दोन, किलवर दोन, चौकट एक. आठ!

या खेळीला मेरिमॅक कू म्हणतात. १८९८ सालच्या स्पेन-अमेरिका युद्धात स्पेनचं आरमार क्युबातल्या सांतियागो बंदरात होतं. बंदराचं तोंड चिंचोळं. ३ जूनच्या पहाटे अमेरिकेचा लेफ्टनंट रिचमंड हॉब्सन सात जणांना घेऊन मेरिमॅक ही आपलीच कोळशाची बोट तिथे आडवी बुडवायला निघाला. तोफांच्या माऱ्यात सुकाणू गेलं, बोट वाहत जाऊन भलत्याच जागी बुडाली. आठही जण जिवंत पकडले गेले आणि वाट उघडीच राहिली. ३ जुलैला स्पॅनिश आरमार त्याच तोंडातून बाहेर पडलं. (बाहेर टपलेल्या अमेरिकन जहाजांनी त्याचा फडशा पाडला, ते वेगळं.)

तेव्हा काँट्रॅक्ट ब्रिज जन्मालाही आला नव्हता. व्हँडरबिल्टने त्याची गुणांची पद्धत आखली १९२५ साली, तीही बोटीवरच, पनामा कालव्याच्या प्रवासात. असो.

सकाळी मामाला ऐकवलं, की हॉब्सनचा डाव तर फसलाच होता.

"त्याने बोट बुडवली तरी," मामा चहा ओतत म्हणाला. "तू राजा कुरवाळत बसलास."