उन्हात भाजणारी मेंढरे आणि न्यूझीलंडची एक शेतकरीण

१/ सन १९३८. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील हिरव्यागार कुरणांत मेंढरे सावली शोधत फिरू लागली. कान सुजून लोंबू लागले, पापण्या मिटल्या, तोंडावर खपल्या धरल्या. हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक होता. पण त्या वर्षीच्या साथीने सारा देश हादरला. कारण त्या देशाचे अर्थकारणच गवतावर उभे होते.

२/ रोगाचे नाव पडले 'फेशियल एक्झिमा', म्हणजे तोंडावरचा इसब. नाव साफ चुकीचे. व्याधी कातडीची नव्हतीच. ती यकृताची होती.

३/ मग कातडी का भाजते? मित्रहो, याचे उत्तर आधीच दक्षिण आफ्रिकेत मिळाले होते. तेथील कारू प्रदेशात मेंढ्यांना 'गीलडिककॉप' होई. अफ्रिकान्स भाषेत याचा अर्थ 'पिवळे, जाड डोके'. त्याचा संबंध ज्या वनस्पतीशी जोडला गेला ती आपल्या ओळखीची आहे : गोखरू, अर्थात अनवाणी पायांत रुतणारा सराटा!

४/ ऑन्डरस्टेपोर्ट येथील संशोधनसंस्थेत क्विन आणि रिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकात कोडे उलगडले. जनावराच्या पोटात गवतातील हरितद्रव्यापासून फायलोएरिथ्रिन हे द्रव्य बनते. निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. पित्तनलिका बिघडल्या की तेच द्रव्य रक्तातून त्वचेत पोहोचते आणि ऊन पडताच तेथील पेशी जळू लागतात. म्हणून झळ बसते ती लोकर वा काळा रंग यांचे संरक्षण नसलेल्या जागी : तोंड, कान, सड, पांढरे ठिपके. रोज खाल्लेला हिरवा घासच वैरी होतो. विष फक्त दार उघडून देते.

५/ पण न्यूझीलंडात सराटा नव्हता. होते ते साधे रायगवत, आणि तेही लहरी. एकच कुरण या आठवड्यात घातक, तर पुढच्या आठवड्यात निर्धोक. संशोधकांनी प्रयोगासाठी गवत कापून आणावे, तर ते विषारी असेलच याची खात्री नाही. हॅमिल्टनजवळील रुआकुरा केंद्रात वर्षानुवर्षे गवताचे अर्क काढून गिनीपिगांवर तपासले जात होते.

६/ अखेर १९५८ मध्ये खरा गुन्हेगार हाती लागला. तो गवत नव्हे, गवताच्या बुडाशी साचलेल्या मृत पाचोळ्यावरील बुरशी होती. उबदार, दमट शरदात (तिकडचा शरद म्हणजे मार्च ते मे) तिचे काळे बीजाणू भराभर वाढतात. तिचे विष, स्पोरिडेस्मिन, वेगळे करणाऱ्यांत रिचर्ड सिंज होते; १९५२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. वैज्ञानिक विजय मोठाच. परंतु दावणीच्या गाईला त्याचा तत्काळ काय उपयोग?

७/ इथे इतिहासात एक शेतकरीण प्रवेश करते. ते आरोहा भागातील ग्लॅडिस रीड. गाईंना पाण्यातून जस्ताचे क्षार दिल्यास रोग टळतो, असे त्यांनी १९७० च्या दशकात आग्रहाने मांडले. तज्ज्ञांनी त्यांना फारसे गंभीरपणे घेतले नाही. जस्त अतिरिक्त झाले तर तेही विषच, त्यामुळे सावधगिरी रास्त होती. अवहेलना मात्र रास्त नव्हती, असे माझे मत. पुढे रुआकुराच्याच प्रयोगांत जस्ताचा संरक्षक गुण सिद्ध झाला आणि रीड यांना १९८३ मध्ये ओबीई हा सन्मान मिळाला.

८/ जस्त करते काय? स्पोरिडेस्मिन तांब्याच्या साहाय्याने पेशी जाळणारे अस्थिर रेणू निर्माण करते. जस्त त्या विषाला बांधून ठेवते आणि तांब्याचे शोषणही कमी करते. अट एकच : मात्रा आधी द्यावी लागते. पित्तनलिका एकदा खराब झाल्या की जस्त त्या पूर्ववत करू शकत नाही.

९/ यातील सर्वांत फसवी बाब अशी की भाजलेले तोंड थोड्याच जनावरांत दिसते. कळपातील इतर अनेकांचे यकृत आतून झिजते, दूध घटते, आणि बाहेर खूण काहीच नसते. म्हणूनच तेथील शेतकरी आजही उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून गवतावरील बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजून घेतात आणि विष सोसणाऱ्या मेंढ्यांची पैदास निवडून करतात.

१०/ आपल्याकडे ही बुरशी चर्चेत नसते. पण शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणलेली घाणेरी (टणटणी) गुरांच्या यकृतावर हाच घाला घालते. टंचाईच्या दिवसांत चारा संपला की भुकेले गुरू तिच्याकडे वळते. मग कावीळ, सुजलेले कान आणि उन्हात उभे राहण्याची भीती.