नवागत-स्वागत व मार्गदर्शन (मराठी विकिपीडिया)

मराठी विकिपीडियावर नव्याने खाते उघडणाऱ्या सदस्याची विचारपूस करणे, त्याची पहिली संपादने पाहणे आणि प्रकल्पाच्या रीतीभाती त्याला समजावून सांगणे हे काम जुनेजाणते सदस्य व प्रचालक आपापल्या सवडीने, विनामोबदला करतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या कोशाचे ‘वसंत पंचमी’ आणि ‘औदुंबर’ हे आरंभीचे लेख. केतकरांच्या ज्ञानकोशासाठी किंवा वाईच्या विश्वकोशासाठी लेखक निवडले जात. येथे लेखक न बोलावता येतो. त्यामुळे आल्यावर त्याला कसे वागवले जाते, यावर कोशाची वाढ अवलंबून असते.

नव्या सदस्याच्या चर्चापानावर स्वागताचा साचा लावतात. त्यात मदतीची पाने, सरावासाठी धूळपाट आणि सर्वांच्या चर्चेसाठी चावडी यांचे दुवे असतात. साचा लावायला क्षणभर पुरतो, पण तेवढ्याला मार्गदर्शन म्हणता येणार नाही. त्याची खरी वेळ येते ती पहिले संपादन कोणी उलटवल्यावर.

समजा, सोलापुरातील एखादा विद्यार्थी आपल्या शहराच्या चार हुतात्म्यांवर लिहायला बसला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. लहानपणापासून ऐकलेली ही नावे. साहजिकच तो ‘अमर’, ‘थोर’, ‘शतशः नमन’ असे लिहितो. अनुभवी संपादक कोशाच्या तटस्थ शैलीला धरून हे शब्द काढतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. मात्र तो न बोलता निघून गेला, तर मुलाला वाटते की आपल्या माणसांचाच मान कोणी पुसला. चर्चापानावर चार ओळी लिहिल्या तर चित्र बदलते : विशेषणे का काढली, मे १९३० मध्ये सोलापुरात लागू झालेल्या लष्करी कायद्याची माहिती ग्रंथाच्या आधाराने कशी भरता येईल, संदर्भ कुठे व कसा जोडायचा. वर्तमानपत्रातला मजकूर जसाच्या तसा उतरवला असेल, तर तो प्रताधिकारामुळे ठेवता येत नाही, हेही तेव्हाच सांगावे. काढलेला मजकूर लेखाच्या इतिहासात सहसा शिल्लक असतो. नवख्याला ते ठाऊक नसते आणि सारी मेहनत बुडाली असे तो समजतो.

इंग्रजी विकिपीडियाला या दुर्लक्षाची किंमत मोजावी लागली. २००७ नंतर तेथील सक्रिय संपादक घटत गेले. चांगल्या हेतूने केलेली संपादने, विशेषतः स्वयंचलित साधनांनी, झटपट नाकारली गेल्याने नवे लोक टिकत नाहीत, असे आरन हॅल्फेकर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडले. त्याआधी, २०१२ मध्ये, तेथे नवख्यांनी न बिचकता प्रश्न विचारावेत यासाठी ‘टीहाउस’ सुरू झाले होते. पुढे प्रत्येक नवख्याला एक मार्गदर्शक नेमून देणारी सोयही आली. ती चालते मात्र स्थानिक सदस्यांनी मार्गदर्शक म्हणून नाव नोंदवले तरच. मराठीसारख्या मोजक्या संपादकांच्या प्रकल्पात हीच अडचण मोठी आहे.

महाविद्यालयातील विकिपीडिया-संपादनाच्या कार्यशाळेत अडचणी आणखी साध्या असतात. एका आयपी पत्त्यावरून दिवसाला साधारण ६ नवी खाती उघडता येतात. सातव्या विद्यार्थ्याला नकार येतो आणि त्याला आपलेच काही चुकले असे वाटते. आधी विनंती करून ही मर्यादा शिथिल करून घ्यावी लागते. देवनागरी टंकनासाठी संपादन खिडकीत अक्षरांतरण व इनस्क्रिप्ट हे पर्याय आहेत, ‘कंट्रोल’ आणि ‘एम’ या कळा एकत्र दाबून ते चालू-बंद होतात. पहिल्या दिवशी लेखनापेक्षा छायाचित्र सोपे : सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचे स्वतः काढलेले छायाचित्र विकिमीडिया कॉमन्सवर चढवून लेखात बसवले, की आपले काम लगेच दिसते आणि हुरूप येतो.

सोलापूरसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी. शहरातील अनेक विणकर घरांत तेलुगू, तर अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात कन्नड बोलली जाते. उर्दू भाषकही बरेच. त्यांच्या मराठी वाक्यरचनेत वेगळी वळणे येतात. ती दुरुस्त करावीत. पण त्यासाठी लेख नाकारू नये, कारण यंत्रमाग, चादर किंवा गड्ड्याची यात्रा यांची जवळून माहिती याच घरांत आहे. तेलुगू, कन्नड आणि उर्दू विकिपीडियाही त्याच खात्याने संपादित करता येतात, हे स्वागताच्या वेळीच सांगितले तर एका सदस्याचा उपयोग दोन कोशांना होतो.