हिंसेविना मांस

एका समाजाची कल्पना करू. गडहिंग्लजच्या आठवडी बाजारात मांस विकायला आले आहे, पण त्यासाठी एकही बकरे कापलेले नाही. जनावराच्या अंगातून चिमूटभर पेशी काढल्या, पोषक द्रवात वाढवल्या आणि त्यांचे मांस झाले. जनावर गोठ्यात रवंथ करीत उभे आहे. अशा समाजात मांसाहारावरून भांडण उरेल काय? बहुतेक जण ‘नाही’ म्हणतील. आक्षेप हत्येला होता, आणि हत्याच उरली नाही.

हे उत्तर तपासायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. हत्येविना मिळणारे मांस महाराष्ट्रातल्या खेड्यांत शतकानुशतके खाल्ले गेले आहे. गावाने त्याचे काय केले, हे पाहिले म्हणजे पुरे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांस वर्ज्य करण्याचे एक कारण दिले आहे. प्राण्यांची हिंसा केल्यावाचून मांस मिळत नाही, म्हणून ते टाळावे. (यज्ञासाठी केलेला वध हा वध नव्हे, असेही त्याच अध्यायात सांगून ठेवले आहे.) या युक्तिवादाला गावकुसाबाहेर एक जिवंत अपवाद होता. म्हातारपणाने किंवा रोगाने बैल मेला की तो ओढून नेण्याचे काम वतनाने महारांकडे होते आणि त्या ढोराचे मांस हा त्यांचा हक्क मानला जाई. ते खाल्ले जाई, उरलेल्याच्या चान्या करून वाळवून ठेवल्या जात. कातडे कमावणाऱ्या ढोरांकडे जाई. पुढे त्याची वहाण होई आणि मोट शिवली जाई. त्या मोटेच्या पाण्यावर गावचा मळा पिके. चामड्याचा लाभ घेताना कोणाला अडचण नव्हती. ते मांस खाणाऱ्यांना मात्र विटाळाचे धनी ठरवले गेले.

याउलट आजही गडहिंग्लज तालुक्यात लक्ष्मीची यात्रा असली की बकरे पडते, पैपाहुणे जमतात, तांबडा-पांढरा रस्सा होतो. या उघड हत्येने घराची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट वाढते. म्हणजे मारलेल्या जनावराच्या मांसाला मान आणि न मारलेल्याच्या मांसाला कलंक. हिंसा हाच निकष असता, तर हा हिशेब उलटा झाला असता.

ही विसंगती डॉ. आंबेडकरांनी नेमकी पकडली. ‘दि अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी दाखवले, की मेलेल्या गाईचे मांस खाणाऱ्याने गोवधबंदीचा कायदाही मोडला नव्हता आणि अहिंसेचे तत्त्वही. तरीही अस्पृश्य तोच ठरला. त्यांच्या एकूण उपपत्तीवर अभ्यासकांत मतभेद आहेत. या निरीक्षणाला उत्तर देणे मात्र अवघड आहे.

गडहिंग्लज तेव्हा कोल्हापूर संस्थानात होते. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानातील महार वतने रद्द केली आणि त्या जमिनी रयताव्याने दिल्या. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराज आणि तरुण आंबेडकर एका व्यासपीठावर आले. सात वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडला आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. मृतमांस सोडायचे तर ढोर ओढण्याचे कामही सोडणे आले. मग जे गाव खाण्याबद्दल तुच्छ लेखत होते, तेच काम सोडल्याबद्दल बहिष्कार घालू लागले. असे अनेक ठिकाणी घडले. गावाला ते मांस नको होतेच. हवा होता तो ओढून नेणारा माणूस.

आता प्रयोगशाळेकडे वळू. ५ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनमध्ये मार्क पोस्ट या डच शास्त्रज्ञाने पेशींपासून वाढवलेल्या गोमांसाचा बर्गर लोकांसमोर ठेवला. खर्च सुमारे अडीच लाख युरो. त्या पेशी ज्या द्रवात वाढल्या, त्यात गाभण गाईच्या कत्तलीनंतर गर्भाच्या रक्तातून काढलेले द्रव्य होते. म्हणजे तेव्हा हिंसा पुरती सुटली नव्हती. पुढे त्याला पर्याय शोधले गेले. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने असे कोंबडीचे मांस विकायला परवानगी दिली. त्याआधी २०१९ मध्ये माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने या विषयावरील संशोधन केंद्राची घोषणा केली होती.

आपला कायदा कत्तलीवर उभा आहे. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमाने गाईच्या कत्तलीला बंदी केली आणि २०१५ पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. कत्तलच नसलेले मांस समोर आले, तर कायदा आपली व्याख्या कदाचित बदलून घेईल. समाजाची व्याख्या मात्र कत्तलीवर कधीच उभी नव्हती. ती खाणारा कोण, यावर उभी होती.

म्हणून त्या काल्पनिक बाजारात मी आधी मांसाचा भाव विचारणार नाही. पेशी वाढवण्याच्या टाक्या कोण धुतो, त्याच्या घरी जेवायला कोण जाते आणि त्या मांसाचा डबा आणणाऱ्याला भाड्याने खोली मिळते का, हे विचारीन. मृतमांसाच्या इतिहासाने हेच प्रश्न आपल्यासमोर ठेवले आहेत, आणि त्यांची उत्तरे कोणत्याही काचपात्रात तयार होणार नाहीत.