धारूरचा बाण आणि चिलखताचं गणित

धारूरच्या किल्ल्याची पहिली मोठी लढाई एका बाणाने संपली. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान लारी याने 1567च्या सुमारास हा किल्ला बांधला. दोनेक वर्षांत अहमदनगरचा मुर्तजा निजामशाह चालून आला. फिरिश्ता सांगतो, किश्वरखान बाण लागून मेला आणि किल्ला पडला.

मी मूळचा विज्ञानाचा. त्यामुळे पहिला प्रश्न सुचला तो असा: बाण चिलखत फोडतो का? तुम्हीही हेच विचारलं असतं. गणित करून बघा. 50 ग्रॅमचा बाण सेकंदाला 50 मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा सुमारे 62 ज्यूल. आकडा फार मोठा नाही, पण ती सगळी एका टोकावर येते. कड्यांच्या चिलखतात अणकुचीदार टोक एखाद्या कडीत शिरून तिला फाकवू शकतं. तलवारीचं तसं नाही. तिची धार एकाच वेळी अनेक कड्यांवर पडते, जोर विभागला जातो, उरलेला धक्का आतला कापसाचा अंगरखा झेलतो. म्हणून ‘एका घावात चिलखतासकट दोन तुकडे’ हे वर्णन वाचलं की थांबायचं. 1659 साली प्रतापगडाखाली अफजलखानाचा वार शिवाजी महाराजांच्या चिलखतावर फुकट गेला, हे यात नीट बसतं.

इतकं झाल्यावर मी खूश होतो. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, “बाण चिलखतावरच लागला, हे कुठून आणलंस?”

उत्तर नव्हतं. चेहरा, गळा, काख उघडीच असतात. तिथे लागलेल्या बाणाला माझ्या गणिताची गरजच नाही. आणखी एक बघा. 1665 साली पुरंदरला दिलेरखानाने स्वतः बाण मारून मुरारबाजीला पाडलं, असं सभासद लिहितो. इथेही सेनानी बाणानेच पडतो. घटना खऱ्या असतीलही. पण युद्धाचा शेवट एका नेमक्या बाणात सांगायची लेखकांची सवयही असू शकते. ते भौतिकशास्त्र ठरवणार नाही, त्यासाठी ग्रंथ शेजारी ठेवून वाचावे लागतात.

तेव्हा संशोधनाला लागताना एवढं करा. गणित ‘शक्य आहे का’ ते सांगतं, ‘घडलं का’ ते साधनं सांगतात. वहीत दोन्हींसाठी वेगळी पानं ठेवा. मी ती तेव्हापासून ठेवतोय.