नाग नवा होता

25 वर्षे आधी. 1923. मिनियापोलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयातलं निसर्ग-संग्रहालय ग्रेस ओलिव्ह वायली यांच्या हाती येतं. बंदिवासात रॅटलस्नेकची पैदास पहिल्यांदा यशस्वी करण्याचं श्रेय पुढे त्यांनाच दिलं जातं. शेपटीला खुळखुळा असलेला हा विषारी साप आपल्या घोणशीसारखाच अंडी न घालता पिलं देतो. बाई साप उघड्या हातांनी हाताळतात. सहकाऱ्यांना ते पसंत नाही.

15 वर्षे आधी. शिकागोजवळचं ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालय. सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग त्यांच्याकडे.

13 वर्षे आधी. 1935. एकूण 19 साप पिंजऱ्याबाहेर निसटतात. नोकरी जाते. बाई कॅलिफोर्नियात येतात, सिनेमांना साप पुरवतात. पद्धत तीच राहते.

20 जुलै 1948. लेखक डॅनियल मॅनिक्स पत्नीसह फोटो काढायला येतात. माणसाळलेले साप घरात आहेत. फोटोसाठी मात्र नुकताच आलेला भारतीय नाग बाहेर काढला जातो. जालन्याच्या कपाशीत निघतो, त्याच जातीचा.

90 मिनिटे बाकी. नाग फणा काढतो. बाईंचा हात पुढे. दंश बोटाला.

पुढची काही मिनिटे. बाई आधी नागाला पिंजऱ्यात ठेवतात, मग हाताला आवळपट्टी बांधून घेतात. घरात नागाच्या विषावरच्या लशीची एकच कुपी आहे. मॅनिक्स ती उघडायला जातात आणि कुपी फुटते. इतके विषारी साप आणि कुपी एक. हा हिशेब त्या दिवशी चुकलेला नव्हता, आधीच चुकला होता.

लाँग बीचचं रुग्णालय. लस आहे, पण उत्तर अमेरिकेतल्या सापांची. रॅटलस्नेकवर चालली असती, नागावर नाही. नागाचं विष श्वासाचे स्नायू लुळे करतं. बाईंना कृत्रिम श्वासाच्या लोखंडी यंत्रात ठेवतात.

शून्य. मृत्यू. वय 64.

आज आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, रॅटलस्नेकवर नाही. नाग घरी पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. साप निघाला तर सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर आवळपट्टी बांधू नका, मांत्रिकाकडे थांबू नका. 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.