तळटीप : कृत्रिम पॉलिपेप्टाइड

* लेखकाने येथे ओझरता उल्लेख केलेले हे पदार्थ प्रयोगशाळेत, जिवंत पेशीच्या मदतीवाचून, अमिनो आम्ले जोडून करतात. वाट दाखवली ती १९०६ मध्ये हेर्मान लॉइक्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. अमिनो आम्लापासून त्याने पाच अणूंचे एक वलय बनवले. ते उघडले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेला भाग वाढत्या साखळीला जोडला जातो. मात्र साखळ्या लहानमोठ्या निघत. १९९७ मध्ये टिमोथी डेमिंग यांनी निकेलची संयुगे वापरली, तेव्हा लांबीवर चांगला ताबा आला. मग एकाच साखळीत पाण्याला जवळ करणारा लायसिनचा तुकडा आणि पाणी टाळणारा ल्युसिनचा तुकडा गुंफता आला. पाण्यात ल्युसिनचे मळसूत्री तुकडे आपणहून एकमेकांना बिलगतात, त्यांचे जाळे होते आणि थोडक्या पदार्थात पुष्कळ पाणी जेलीसारखे थिजते. ढवळून मोडलेली ही जेली पुन्हा बांधली जाते.

गंमत म्हणजे औषध म्हणून नाव मिळवले ते अगदी अव्यवस्थित साखळ्यांनी. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टायटेलबाउम यांनी चार अमिनो आम्लांची वाटेल त्या क्रमाने जोडणी केली. या साखळ्यांमुळे प्राण्यांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार उद्भवेल अशी अपेक्षा होती. झाले उलटेच, आजार दबला. ‘ग्लाटिरामर’ नावाच्या या औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. काचपट्टीवर पेशी चिकटून राहाव्यात म्हणून पॉलिलायसिनचा लेप देतात, तोही याच कुळातला.
— संपा.